क्लाइव्हरावांचं देवक

मी एखादं काम हातात घेतलं की ते फत्ते झालंच म्हणून समजा! उगाच बढाई मारत नाही, इथे लंडनच्या स्टॅनमोरमध्ये कुणालाही विचारा. मंडळाचा गणपती असो की दिवाळीचा हॉल, सगळीकडे 'वरदाला सांगा' हेच ऐकू येतं. कौन्सिलच्या मागे लागून रस्त्यातला खड्डा बुजवून घेतलेली मी बाई आहे! तेव्हा माझ्या एकुलत्या एक मुलीचं लग्न मी दणक्यात करणार, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नव्हती. यतीनच्या मनात होती. पण नवऱ्याच्या शंका मी मनावर घेत नाही. तो ब्रॅकनेलच्या एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या कामात चुकाच शोधत असतो. त्याला सॉफ्टवेअर टेस्टिंग म्हणतात आणि त्याचा त्याला पगारही मिळतो.

मुलगी अक्षरा, फिजिओथेरपिस्ट. मुलगा कॅलम, स्विंडनचा, प्रायमरी शाळेत शिक्षक. पहिल्याच भेटीत त्यानं अळूचं फदफदं दोनदा मागून घेतलं आणि माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. राहता राहिले कॅलमचे वडील, क्लाइव्ह.

क्लाइव्ह म्हणजे लोकांचे बॉयलर आणि रेडिएटर दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला हीटिंग इंजिनियर. आता रिटायर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. माणूस इतका संकोची, की पहिल्यांदा घरी आला तेव्हा आमचा चहा संपायच्या आत स्वतःचा कप विसळायला सिंकपाशी उभा! आमच्याकडे मुलाचा बाप म्हटलं की त्यानं कसं ऐसपैस बसावं, चहात साखर कमी आहे म्हणावं, निघताना जरासं रुसावं. हा माणूस जाताना सोफ्यावरच्या उशा नीट लावून गेला! आणि दर फोनवर एकच विचारायचा, "वरदा, आमच्या बाजूनं मी काय आणू? आमच्या बाजूला तसा मी एकटाच आहे."

मला फार वाईट वाटायचं. आमच्याकडून लेस्टरपासून लूटनपर्यंतचे सगळे मोरे बस भरभरून येणार, आणि मुलाकडच्या खुर्च्यांवर क्लाइव्ह आणि कॅलमचे फुटबॉलमधले चार मित्र! काहीतरी करायला हवं होतं. आणि काहीतरी करायला हवं असलं की ते मीच करते, हे आधी सांगितलंच आहे.

कल्पना सुचली ती एका जुन्या इंग्लिश हवेलीत. तिकीट काढून आत गेलं की पलंग बघायचा, बाथटब बघायचा आणि शेवटी स्कोन खाऊन घरी यायचं, तसली हवेली. तिथे फायरप्लेसवर घराण्याची ढाल कोरलेली होती. कोट ऑफ आर्म्स! सिंह, गुलाब, पट्टे. गाईडबाईनं सांगितलं की दोन घराण्यांत लग्न झालं की ढाल मधोमध उभी विभागायची, एका बाजूला नवऱ्याचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला बायकोचं. मी तिथल्या तिथे यतीनचा दंड दाबला.

"अक्षरा-कॅलमची ढाल!" मी म्हटलं. "पत्रिकेवर, स्टेजवर, आणि रिटर्न गिफ्टच्या टी टॉवेलवर! दोन घराणी, एक ढाल! क्लाइव्हची बाजू अगदी आपल्या बरोबरीनं, निम्मी!"

"भांडी पुसायच्या टॉवेलवर ढाल?" यतीन म्हणाला. आली शंका!

मी लगेच अभ्यासाला लागले. या ढालींच्या शास्त्राला हेराल्ड्री म्हणतात, आणि ते पैठणी निवडण्याइतकंच नाजूक असतं. सोनेरी आणि रुपेरी हे धातू, बाकीचे रंग. रंगावर रंग चालत नाही, धातूवर धातू चालत नाही. लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, हिरवा म्हणजे आशा. ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी! हे मी यतीनला समजावत होते, तेवढ्यात त्यानं वरण उतू जातंय म्हणून सांगितलं.

आमच्या बाजूचं चिन्ह शोधावं लागणार नव्हतं. इंग्रजांची ढाल तसं आमचं देवक. ज्यांच्याकडे देवक नसतं त्यांच्यासाठी सांगते. देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाचं झाड, कुणाचं पान, कुणाची तलवार. आम्हा मोऱ्यांचं मोरपीस. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची पूजा करून ते बसवायचं, लग्न पार पडलं की उठवायचं, आणि एरवीही त्याला कधी इजा करायची नाही. झालं! आमच्या अर्ध्या ढालीवर निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी मोरपीस.

मग मी क्लाइव्हला फोन लावला. "क्लाइव्ह, तुमच्या घराण्याची ढाल आहे का हो?"



"वेल..." तो म्हणाला. "हॉलमध्ये एक लावलेली आहे."

"मग फोटो पाठवा ना!"

फोटो आला. लाकडी पाटीवर रंगीत ढाल, आणि ढालीवर पिसारा फुलवून, मान वळवून उभा असलेला मोर!

मी स्वयंपाकघरात अक्षरशः उडी मारली. दोघांच्याही घराण्यात मोर! हा योगायोग नाही तर काय? तासाभरात मी चित्र तयार करून घेतलं. डावीकडे त्यांचा मोर, उजवीकडे आमचं मोरपीस, खाली दोघांची नावं. पत्रिका छापायला दिल्या, टी टॉवेल छापायला दिले, आणि 'मोरे परिवार यूके' या ग्रुपवर चित्र टाकलं. अंगठे आले, हृदयं आली, नाचणाऱ्या बाया आल्या. कॉव्हेंट्रीहून मात्र काहीच आलं नाही.

थोड्या वेळानं कॉव्हेंट्रीहून फोन आला.

कॉव्हेंट्री म्हणजे आशाआत्या. यतीनची सख्खी आत्या. कारखान्यात मोटारींच्या सीट शिवत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली, युनियनमध्ये भांडल्या, आणि लग्न होऊन दुसऱ्या घरी गेल्या तरी माहेरच्या देवकाची राखण त्यांच्याकडेच. अक्षरा झाल्यावर मी नोकरीवर परत गेले तेव्हा आत्यांनीच येऊन तिला सांभाळलं. अक्षरानं पहिलं पाऊल आत्यांच्या दिशेनं टाकलं होतं आणि मी ते ऑफिसातून फोनवर ऐकलं होतं. त्यामुळे या घरात आत्यांचा शब्द म्हणजे शब्द!

"वरदा, ते चित्र तू टाकलंस?"

"हो आत्या! छान आहे ना?"

"दोन्हीकडे मोर?"

"हो ना! योगायोग बघा!"

"योगायोग कसला डोंबलाचा! अगं, देवक एक म्हणजे कूळ एक. बहीणभाऊ झाली ती दोघं!"

मी हसले. पलीकडे कुणी हसलं नाही.

"आत्या, कॅलम स्विंडनचा आहे."

"मग? देवक काय पासपोर्ट बघून बसतं?" आत्या कडाडल्या. "मी गोरा जावई नको म्हटलं का? मीच पहिली हो म्हणाले! धर्म विचारला नाही, जात तर मी आयुष्यात कुणाची विचारली नाही. पण भावाबहिणीचं लग्न लावायला मी येणार नाही. आणि देवकही बसवणार नाही!"

फोन बंद.

मी यतीनकडे बघितलं. यतीन टी टॉवेलच्या नमुन्याकडे बघत होता. "आपण ते चित्रच काढून टाकू," तो म्हणाला. आत्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "चित्र पुसलं म्हणून देवक पुसतं का?"

संध्याकाळी अक्षरा आली. तिला सगळं कळलेलं होतं. माझी ही शूर मुलगी, जी सहा फुटी रग्बीवाल्यांचे खांदे जागेवर बसवते, ती जिन्यावर बसून हमसून हमसून रडायला लागली.

"आत्याआजी नाही येणार तर मी पण नाही उभी राहणार! फिनिश! मला तिनं मोठा केला, मम्मा!"

"अगं, मी समजावते त्यांना—"

"तू नको समजावू! तू का केलास ती टॉवेल? कोणी मागितला होता टॉवेल? हे माझा लग्न आहे, मम्मा, गिफ्ट शॉप नाही!"

तिचं मराठी चुकत होतं आणि म्हणणं एकदम बरोबर होतं. मी तिच्याजवळ जिन्यावर बसले. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि मला तेव्हा टी टॉवेलचं नाव ऐकणंसुद्धा नकोसं झालं.

पण मी हार मानणारी नाही! दुसऱ्या दिवशी क्लाइव्हला फोन केला.

"क्लाइव्ह, तो पक्षी नक्की मोरच आहे ना? फेझंट नाही?"

"मोरच आहे."

"टर्की वगैरे?"

"वरदा," क्लाइव्ह जरा दुखावून म्हणाला, "पिसारा आहे त्याला."

मग मी पुन्हा हेराल्ड्रीकडे वळले, आणि तिथे मला हवं होतं ते सापडलं! इंग्लंडमध्ये ढाल ही आडनावाची नसते. एखाद्या पूर्वजाला ती रीतसर मिळावी लागते आणि मग ती फक्त त्याच्याच वंशजांची. म्हणजे क्लाइव्हच्या कोणत्या पूर्वजाला तो मोर मिळाला, हे विचारायचं! पूर्वज सापडला नाही तर मोर त्यांचा नाही, मोर त्यांचा नाही तर देवक एक नाही, आणि देवक एक नाही तर आत्या लग्नाला हजर! मी इतकी खूश झाले की आत्यांना, क्लाइव्हला, कॅलमला, सगळ्यांना रविवारी चहाला बोलावून टाकलं. या प्रश्नाचं उत्तर देताना समोरच्या माणसाला काय वाटेल, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

रविवारी आत्या आल्या त्या रागावूनच. हातात पिशवी, पिशवीत अक्षरासाठी डिंकाचे लाडू. राग वेगळा आणि लाडू वेगळे, असा त्यांचा हिशेब. अक्षरा त्यांच्याकडे धावली. दोघी एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहिल्या, पण आत्यांनी देवकाबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग क्लाइव्ह आणि कॅलम आले. क्लाइव्हच्या काखेत एक मोठं गाठोडं होतं. त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि वरचा टॉवेल हळूच उलगडला. आत ती ढाल! पॉलिश करून लखलखीत केलेली.

"तू इतकं विचारत होतीस," तो मला म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, स्टेजवर लावायला हवी असेल. आमच्या बाजूनं."

आत्यांनी मोराकडे बघून तोंड फिरवलं. ही वेळ होती गप्प बसायची. मी गप्प बसले का? छे!

"सुंदर!" मी म्हटलं. "आणि क्लाइव्ह, ही तुमच्या कोणत्या पूर्वजाला मिळाली?"

क्लाइव्हचा चेहरा लाल झाला. मग पांढरा झाला. त्यानं कपाकडे बघितलं, मग सिंककडे. पळून जाऊन कप विसळावा असंच त्याला वाटत असणार.

"कुणाला नाही," तो म्हणाला.



"कॅलमच्या शाळेत सांगितलं होतं, घरातलं जुनं काहीतरी घेऊन या. कुणी आजोबांचं घड्याळ आणणार होतं, कुणी पणजीचा फोटो. माझ्याकडे काही नव्हतं. मी चिल्ड्रेन्स होममध्ये वाढलो. आईवडील कोण, मला माहीत नाही." तो प्रत्येक वाक्य जपून उचलून ठेवल्यासारखं बोलत होता. "आम्ही समुद्रावर फिरायला गेलो होतो. तिथे एक स्टॉल होता. आडनाव सांगा, ढाल घेऊन जा. माझ्या आडनावाची ढाल त्याच्याकडे नव्हती. तो म्हणाला, आवडेल ती घे. सिंह होते, गरुड होते. सगळे रागावलेले. मोर तेवढा बरा वाटला." मग तो कॅलमकडे वळला. "आय ॲम सॉरी, सन. तुला मी घराण्याची म्हणून दिली होती."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एका माणसाला कुळाचा पुरावा मागत बसले होते मी, चहाबरोबर, बिस्किटांची बशी पुढे करून!

कॅलमनं ढाल उचलली आणि उलटी केली. मागे पिवळं पडलेलं एक स्टिकर होतं.

"डॅड, आय नो," तो म्हणाला. "मागे दुकानाचं नाव आहे. मी लहानपणीच वाचलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही दर रविवारी ती पुसायचात."

क्लाइव्हनं खिशातून रुमाल काढला. कॅलम त्याच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसला आणि त्यानं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. अक्षरा रडत होती, मी रडत होते, आणि आत्या चष्मा काढून पदरानं पुसत होत्या, पुसत होत्या, पुसतच होत्या.

सगळ्यांत आधी सावरला तो यतीन. तो कधी भावनेच्या भरात येत नाही, पण आला की आवरत नाही! तो ताडकन उठला आणि त्यानं क्लाइव्हचे दोन्ही हात धरले.

"क्लाइव्ह! आमचा मोर घे! आजपासून तू मोरे! तू माझा भाऊ! आमचं देवक ते तुझं देवक!"

"मेल्या, बस खाली!" आत्या ओरडल्या. "पुन्हा बहीणभाऊ केलंस त्यांना! आत्ता कुठे सुटली होती!"

यतीन बसला. मला मात्र आत्यांचं शेवटचं वाक्य ऐकू आलं होतं.

"सुटली?" मी विचारलं. "म्हणजे आत्या, तुम्ही येणार?"

"न यायला काय झालं? विकत घेतलेला मोर म्हणजे देवक नव्हे." अक्षरानं त्यांच्या गळ्यात उडी घेतली, तिला एका हातानं थोपवत त्या पुढे म्हणाल्या, "थांब गं, पडेन मी! काम अर्धंच झालंय. त्यांच्याकडे बसवायला काय आहे? बिनदेवकाचा वरपक्ष मी मांडवात घेणार नाही."

क्लाइव्हला इतकंच कळलं, की अजूनही त्याच्याच बाजूचं काहीतरी कमी पडतंय. तो उठून ढाल पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळायला लागला. आत्यांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"बसा, क्लाइव्हराव. आता मी विचारते ते सांगा." आत्यांचं इंग्रजी कारखान्यातलं, थेट. "माणसाला कुणी नसतं तेव्हा काहीतरी असतं. कुणाला रानातल्या झाडानं सावली दिली, कुणाला तलवारीनं तारलं. ते मग देवक होतं. तुम्हाला कुणी तारलं?"

क्लाइव्हनं बराच विचार केला. मग उठून बाहेर त्याच्या व्हॅनकडे गेला. आम्ही खिडकीतून बघत होतो. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक पाना होता. पाइप आवळायचा, लांब दांड्याचा, जुना. धरायच्या जागी लोखंड झिजून गुळगुळीत झालेलं.

"होममधून बाहेर पडलो तेव्हा एका म्हाताऱ्या प्लंबरनं मला हाताखाली घेतलं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी त्यानं हा दिला. म्हणाला, हा तुझा. तोपर्यंत मला 'हा तुझा' म्हणून कुणी काही दिलं नव्हतं."

आत्यांनी पाना हातात घेतला. वजन बघितलं. दांड्यावरून अंगठा फिरवला.

"ह्याच्यावर घर चाललं?"

"हो, मिसेस आत्या."

"बायकोच्या आजारपणात?"

"हो."

"पोराला ह्याच्याच जिवावर वाढवलंत?"

क्लाइव्हनं मान डोलावली.

"लोहाराच्या घरी देवक म्हणून हातोडा असतो, तेल्याच्या घरी पहार," आत्या आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, जणू आम्ही वाद घालणार होतो. "मग ह्यांचा पाना. ठरलं!"

पाना टेबलावर ठेवून त्यांनी त्याला हात जोडले. कॅलमनं जोडले. क्लाइव्हनं इकडेतिकडे बघत हळूच जोडले. मी त्याच्यासाठी ताजा चहा आणायला म्हणून आत गेले आणि फ्रिजला डोकं टेकून पोटभर रडून घेतलं.

ढाल नव्यानं काढली. आमचं मोरपीस होतं तिथेच, निळ्यावर सोनेरी. त्यांच्या बाजूला लालवर रुपेरी पाना. रंगावर धातू, अगदी शास्त्रशुद्ध! लाल म्हणजे शौर्य, आणि जानेवारीत लोकांचे बंद पडलेले बॉयलर सुरू करणं याला मी तरी शौर्यच म्हणते. दोन मोरांचे टी टॉवेल आता आमच्याकडे फरशी पुसायला आहेत, भरपूर आहेत, कुणाला हवे असतील तर सांगा.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याच घरात दोन्हीकडची देवकं बसली. पुढच्या खोलीत आमचं, मागच्या खोलीत क्लाइव्हचं. नव्या कुर्त्यात क्लाइव्ह पाटावर ताठ बसला होता. ही पूजा जोडप्यानं करायची असते. त्यामुळे तो अवघडला, तेव्हा आत्यांनी शेजारी दुसरा पाट मांडला आणि त्यावर कॅलमच्या आईचा फोटो ठेवला. तिलाही कुंकू लावलं. मग पान्याला हळद, पान्याला कुंकू, पान्याला अक्षता. अक्षरानं हळूच कॅलमचा हात धरला. आत्यांनी क्लाइव्हला नियम समजावून सांगितले: लग्न होऊन देवक उठेपर्यंत त्याला हलवायचं नाही, वापरायचं नाही, आणि त्या जातीच्या कशालाही हात लावायचा नाही. आमच्या घरी मोराचं पाळतो तसं. क्लाइव्हनं एकेक नियम मान डोलावून ऐकला. मला वाटलं, बिचारा आदरापोटी ऐकून घेतोय.

लग्नाची सकाळ! घरात माणसं मावत नव्हती. पहाटेपासून आंघोळींची रांग. पहिला नंबर अर्थात आत्यांचा, मग लेस्टरवाले, मग लूटनवाले, मग हळद लावून नवरी. यजमानीण म्हणून मी शेवटी. मी नळ सोडला आणि किंचाळले! बर्फ! खाली धावले तर कपाटातला बॉयलर एकदा गुरगुरला, एकदा उचकी दिली आणि गप्प झाला. इतक्या मोऱ्यांना न्हाऊ घालून त्यानं जीव टाकला होता. बाहेर एप्रिलमधला गारठा, ब्यूटिशियन यायच्या वाटेवर, आणि माझ्या केसांत तेल चोपडलेलं!

पण मी कशाला घाबरते? घरात साक्षात हीटिंग इंजिनियर होता!

क्लाइव्ह मागच्या खोलीत सोफ्यावर बसला होता. समोर चौरंगावर पाना, गळ्यात झेंडूची माळ.

"क्लाइव्ह! बॉयलर बंद पडला! जरा बघता का? पाच मिनिटांचं काम असेल!"

तो उठून कपाटापर्यंत आला. त्यानं वाकून, कान लावून बघितलं. "एक नट सैल आहे," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"वा! मग करा ना!"

"पाना लागेल."

"मग घ्या ना व्हॅनमधला दुसरा कुठला तरी!"

क्लाइव्ह सरळ उभा राहिला. त्यानं कुर्ता नीट केला. दोन्ही हात मागे बांधले.

"सॉरी, वरदा," तो म्हणाला. "देवक बसलंय. आमच्या घराण्यात चालत नाही."

तो हे इंग्रजीतच बोलला, पण 'आमच्या घराण्यात' म्हणताना त्याची मान अशी काही वर गेली, की मी आपसूक दोन पावलं मागे सरले. मी वळून आत्यांकडे बघितलं. गरम पाण्यानं न्हायलेल्या आत्या शाल पांघरून आरामात गजरे मोजत होत्या.

"आत्या, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!"

"मी काय सांगणार, बाई," आत्या म्हणाल्या. "वरपक्ष आहे तो."

वरपक्ष परत जाऊन सोफ्यावर बसला. चांगला मागे टेकून, पायावर पाय टाकून, ऐसपैस! मग त्यानं दारातून मला हाक मारली.

"वरदा, आणखी एक चहा मिळेल का? मघाच्या चहात साखर जरा कमी होती."

माझे डोळे भरून आले. आता घरात गरम पाणी देईल अशी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे केटल. मी ती वरपक्षाच्या चहासाठी लावली, साखर दोन चमचे जास्त घातली, आणि टॉवेल खांद्यावर टाकून गार पाण्याच्या आंघोळीला वर गेले.